कोठारातले बेपत्ता 98 जीबी

रविवारी संध्याकाळी कोठारला, म्हणजे माझ्या घरच्या फाइल सर्व्हरला, डेबियन लिनक्स 11 वरून 12 वर चढवलं. बुल्सआयचा (डेबियन 11 चा) एलटीएस, म्हणजे सुरक्षा अपडेटचा आधार, ऑगस्ट 2026 पर्यंतच, म्हणून एकदाचं उरकून टाकलं. सोर्सेस लिस्टमध्ये नॉन-फ्री-फर्मवेअर (हार्डवेअरला लागणाऱ्या बंदिस्त फायलींचा विभाग) घालायचं लक्षात होतं, त्यामुळे नेटवर्क कार्ड पहिल्या फटक्यात उठलं. 6.1 कर्नल, एसएसएच चालू, सांबा (घरात फायली शेअर करणारी सर्व्हिस) चालू. कॉलर ताठ करून झोपलो.

सोमवारी संध्याकाळी बाबा टीव्हीसमोर बसले आणि म्हणाले, "अरे, तुझ्या त्या डब्यात काहीच नाहीये." खरंच काही नव्हतं. चार टीबीच्या दोन डिस्का आणि शेअर रिकामा! पोटात गोळा आला. प्रॉक-एमडीस्टॅट पाहिलं तर ऍरे (दोन डिस्कांची जोडी) ठणठणीत, दोन्ही यू-यू म्हणजे चालू, फक्त एमडी0 च्या जागी एमडी127 म्हणून बसलेला. एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्या यादीत) मी एमडी0 लिहिलेलं, शेजारी नोफेल, म्हणजे डिस्क नसली तरी अडू नको (वीज गेल्यावर इमर्जन्सी मोडमध्ये अडकण्याचं रामायण मागे सांगितलंच आहे). म्हणजे मशीन माउंटशिवाय निमूटपणे सुरू झालं होतं.

दोष अपडेटचा नाही, माझाच. मेल अलर्ट लावताना मी एमडीएडीएमची (ऍरे सांभाळणाऱ्या साधनाची) कॉन्फ फाइल कुठूनतरी उचलून आख्खी चिकटवली होती आणि त्यात ऍरेची ओळ उडाली. जुन्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूट होताना आधी लोड होणाऱ्या छोट्या फाइलसिस्टिममध्ये) जुनी प्रत होती, म्हणून इतके दिवस निभावलं. नव्या कर्नलसाठी ती नव्याने बांधली गेली आणि पितळ उघडं पडलं.

एमडी127 हाताने माउंट केला, सगळं जागेवर. डिटेल-स्कॅनने ऍरेची ओळ परत घातली, अपडेट-इनिटरॅमएफएस चालवलं, आणि समोर आलं: डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही.

बूटची एसएसडी 120 जीबीची. तिच्यावर ओएस आणि दोन-चार कंटेनर, बस. ती 100 टक्के भरलेली! ऍप्ट क्लीनने अपडेटच्या डेब फायली उडवून दीड जीबी मिळवले, काम भागवलं, एफएसटॅबमध्ये नावाऐवजी यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) टाकला. रीबूट केल्यावर एमडी0 परत. बाबांची बातम्यांची क्लिपही लागली.

पण ती जागा गेली कुठे? डीएफ (डिस्कची एकूण भरलेली जागा सांगतं) म्हणतं डिस्क खचाखच, डीयू -एक्स (फायली मोजून बेरीज करतं) म्हणतं 11 जीबी. एनसीडीयू (डीयूचाच सोयीस्कर अवतार, याच्यासारखं हत्यार नाही) तेही 11 च म्हणतं. इथे दोन रात्री गेल्या. डिलीट झालेल्या पण कुणीतरी धरून ठेवलेल्या फायली असतील म्हणून एलएसओएफ +एल1 चालवलं, निरंक. आयनोड (फायलींच्या नोंदींच्या जागा) बघितले, 9 टक्के. जर्नल (सिस्टिमचे लॉग) छाटलं, डॉकर प्रून करून कंटेनरचा कचरा काढला, मिळून जेमतेम तीन जीबी. सक्तीने एफएससीके (फाइलसिस्टिमची तपासणी) करवून घेतलं, फाइलसिस्टिम स्वच्छ. बुधवारी ऑफिसातून येताना तापकीर गल्लीत (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार) डोकावलो. दुकानदार न बघताच म्हणाला, "एसएसडी गेली, नवी घ्या." त्याच्याकडे क्लिपवाल्या साटा केबल चांगल्या मिळतात, निदान मात्र विचारू नये. तरी मी किंमत विचारलीच.

रात्री जेवताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, रविवारी मी बारशाचे व्हिडिओ टाकले होते, ते दिसत नाहीत हो."

"टाकायचे राहिले असतील, वहिनी."

"राहतील कसे? कार्डसुद्धा पुसलं मी. फोल्डर मोकळं दिसलं, मला वाटलं तुम्ही आवरलंत."

हातातला घास हातातच राहिला. फोल्डर मोकळं! म्हणजे त्यांनी टाकलं तेव्हा ऍरे माउंटच नव्हता. व्हिडिओ गेले ते एसएसडीवरच्या रिकाम्या माउंट-पॉइंटमध्ये. रात्री दोनला लॅपटॉपचा आरसिंक (बॅकअपची कॉपी) आला आणि त्यानेही 180 जीबीचं होम तिथेच ओतायला घेतलं, एसएसडी तुडुंब भरेपर्यंत. मग सोमवारी मी त्यावर ऍरे माउंट केला, जसं घाणीवर सतरंजी अंथरावी. डीयूला सतरंजीखालचं दिसत नाही, डीएफला दिसतं.

उपाय एका ओळीचा: रूट फाइलसिस्टिमला (एसएसडीवरच्या) दुसऱ्या फोल्डरवर माउंट --बाइंड करायचं. बाइंड फक्त तीच फाइलसिस्टिम दाखवतो, तिच्यावर चढवलेले माउंट नाही. उघडलं तर लॅपटॉपचं 84 जीबी आणि बारशाचं 14. घाईत आरएम (डिलीट) मारला असता तर वहिनींच्या फायलींची जगातली एकमेव प्रत गेली असती. आधी व्हिडिओ ऍरेवर नेले, प्रती सारख्याच आहेत ना म्हणून एसएचए256 जुळवले, मग पुसलं. डीएफ 11 टक्क्यांवर आलेलं बघून मी चहा केला, रात्री साडेबाराला.

फोटो सिंक करणाऱ्या सिंकथिंगचं मात्र कौतुक. त्याला फोल्डरमध्ये आपली एसटीफोल्डरची खूण दिसली नाही, तर ते थांबून राहिलं, एक फोटोही इकडे तिकडे नाही. आरसिंकला असलं शहाणपण नाही, आणि मी सुरुवातीला माउंट करण्याआधीच त्या फोल्डरला 777 (सगळ्यांना लिहिण्याची मुभा) देऊन ठेवलं होतं, म्हणून सांबालाही रान मोकळं.

आज खरं तर तिसऱ्या डिस्कबद्दल लिहिणार होतो. ती थांबली. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये माउंटपॉइंट -क्यूची, म्हणजे ऍरे माउंट आहे का याची, तपासणी टाकली. मूळ फोल्डरला चॅटर +आय (बदल-बंदीची खूण) लावायचं ठरवलं, म्हणजे माउंट नसेल तर रूट युजरलाही तिथे काही लिहिता येणार नाही. त्यासाठी शनिवारी सगळं अनमाउंट करणार होतो, पण हे लिहिताना सुचलं, बाइंड अजून लागलेलाच आहे! त्यातून मूळ फोल्डर हाताशी आहे. आत्ताच लावलं. एलएसऍटरमध्ये आय दिसतोय.

सांबाच्या सर्व्हिसला रिक्वायर्स-माउंट्स-फॉर (माउंट असेल तरच सुरू हो, अशी अट) लावायचं राहिलंय. कुणी लावलं असेल तर सांगा, ऍरे नसताना सांबाच उठणार नाही, मग बाबांना टीव्हीवर नेमकं काय दिसतं?

वहिनींनी नवं मेमरी कार्ड मागितलंय, 128 जीबीचं. जुनं आता पुसणार नाहीत म्हणे.