हरभऱ्याच्या फुलाचा रंग

केळीच्या मुलखातली मी, आणि हिवाळ्यातला आवडता रंग विचारला की हरभऱ्याच्या फुलाचा जांभळा सांगते. असं का, हे तुम्ही सगळ्यांनी इतक्यांदा विचारलंत की आता एकदा नीटच सांगते.

दुसरे रंग नाहीत म्हणून नव्हे. पौषात आमच्या जळगाव जिल्ह्यात, चोपड्याकडे या. तुरीचा पिवळा, वेचणीच्या कापसाचा पांढरा, भरताच्या वांग्यांचा पोपटी, पलीकडे सकाळचा निळा सातपुडा. केळीच्या हिरव्याशी माझं वैरही नाही. 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी भावाला फोन करून रडले होते.

आधी मी सांगायचे, ते फूल कुणाच्या नजरेत भरत नाही म्हणून मला आवडतं. ऐकणाऱ्याला बरं वाटायचं. पण ते खरं नव्हतं.

मी दहावीत होते. केळीची बाग निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायला आलेली आणि थंडी अशी पडली की पहाटे बादलीत हात घालवेना. दहा अंशांच्या खाली केळीची वाढच थांबते. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. बोअरचं पाणी कोमट असतं, ते दिलं की जमीन जरा ऊब धरते, म्हणून अण्णा, माझे वडील, रात्रभर पाणी भरायचे. मी बॅटरी धरून मागे. बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करायचा, तो विझत आला की पुन्हा चाळवायचा. तीन रात्री. चौथ्या सकाळी पानं पिवळी पडलेली दिसली. अण्णांनी एका झाडाचा पोंगा, म्हणजे शेंड्याचं गुंडाळलेलं कोवळं पान, वाकवून बघितला, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. पोंगे थिजले होते, निसवणारे घड गळ्यातच अडकले होते. "बठ्ठं गयं," सगळं गेलं, एवढंच बोलले आणि बांधावर बसले.

बांधाच्या अलीकडे आमचाच हरभरा होता. मी त्यातून चालत गेले. पानांवर सुटणारी आंबट आंब दवात भिजलेली, ती पायाच्या भेगांना झोंबली म्हणून खाली वाकले, तर डोळ्यांसमोर ते फूल. करंगळीच्या नखाएवढं. गुलाबीकडे झुकणारा जांभळा, त्यात गडद शिरा, आणि त्याच डहाळीवरचं जुनं फूल सुकता सुकता निळसर झालेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, देखा, कितलं भारी फूल से!"

त्यांनी फुलाकडे बघितलं. मग माझ्याकडे. उठले आणि घराकडे चालू लागले.

त्या साली आईच्या पाटल्या सोसायटीच्या कर्जाच्या हप्त्यात गेल्या. हरभरा मात्र चांगला लागला, त्याला थंडीच मानवते.

पंधरा वर्षांच्या पोरीला फूल दिसलं तर तिचं काय चुकलं, असं मी स्वतःला कितीदा समजावलंय. मग आठवतं, मी लहान नव्हते. घड अडकला म्हणजे काय ते मला कळत होतं. कळत असूनही रंग दिसला, आणि दिसल्यावर मला आनंद झाला. भरून आलं इतका. तो आनंद मला नाकारता येत नाही, आणि त्याची लाजही जात नाही.

पुढे शेतकी शाळेतल्या एका मैत्रिणीने सांगितलं की हरभऱ्याचं परागीभवन बहुधा फूल उमलायच्या आधी, कळीतच उरकतं. म्हणजे तो रंग कुणाला बोलवायला आलेलाच नसतो. काही दिवस मला त्याचा फार आधार वाटला. मग तोही गेला, कारण त्या सकाळी मला कुणी बोलावलं नव्हतंच. मी आपणहून बघत उभी राहिले होते.

अण्णांनी पुढे त्या सकाळचा विषय काढला नाही. मीही नाही. एका हिवाळ्यात, माझं लग्न झाल्यानंतर, मला स्टँडवर सोडताना त्यांनी हरभऱ्याच्या शेताशी गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं. थोडा वेळ थांबले आणि निघाले. मी विचारलं नाही. आता अण्णा नाहीत.