तुम्ही विचारलंत म्हणून: तो डबा बंद का करत नाही

मागच्या आठवड्यात कूलरचा पंप बदलायला आलेला पोरगाही तेच बोलला. "काकाजी, आतल्या खोलीतला कॉम्प्युटर चालूच राहून गेला जी." साडूभाऊ दर दिवाळीला बोलतात, वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात गाठून बोलतात, भाचा तर नुसता हसतो. प्रश्न एकच. घरात ओटीटी आहे, टीव्हीला पेनड्राइव्ह लागतो, मोबाइलवरचं टीव्हीवर टाकता येतं. मग एक अख्खा कॉम्प्युटर, म्हणजे तो डबा, चोवीस तास चालू ठेवून त्याच्यावरून टीव्हीवर व्हिडिओ पाहायचा खटाटोप काहून? आजवर मी "हौस आहे" म्हणून सुटत आलो. हौस नाही ती.

आधी बिलाचं घ्या. प्लगला मीटर लावून मोजलंय मी. नुसता बसलेला असताना डबा १८ वॅट खातो, म्हणजे महिन्याला १३ युनिट. मे महिन्यात घरात तीन-तीन कूलर लावणाऱ्यांनी मला १३ युनिटांवरून बोलू नये.

पेनड्राइव्ह तर काही महिने वापरून झाला. तो फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असला की ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही, आणि एक्सफॅट पद्धतीनं केला की आमचा टीव्ही त्याला ओळखच दाखवत नाही. काही फायलींचं चित्र यायचं, आवाज नाही, कारण आत डीटीएस नावाच्या साच्यातला आवाज आणि टीव्हीला डीटीएस उलगडता येत नाही. मराठी सबटायटल्सच्या जागी चौकोनांची रांग. आणि मुख्य म्हणजे आईला उठून, वाकून, टीव्हीच्या मागं हात घालावा लागायचा. तिचं वय ७६ आहे. मोबाइलवरून टाकायचं तर आधी मोबाइल लागतो, मग मी लागतो.

डब्यावर जेलीफिन आहे, घरातल्या फायली टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर. डिसेंबर २०१८ मध्ये एम्बी नावाच्या तसल्याच सॉफ्टवेअरवाल्यांनी आपला कोड उघडा ठेवणं थांबवलं, तेव्हा जुना कोड घेऊन काही जणांनी वेगळी चूल मांडली, ते हे. टीव्हीवरचं ॲप डब्याला सांगतं, "मला हे हे चालतं." डबा फाइल पाहतो. जुळली तर तशीच पाठवतो, नाही जुळली तर एफएफएमपेग नावाच्या प्रोग्रॅमकडून पाहता पाहता टीव्हीला कळेल अशी करून पाठवतो. आपण थांबवलं की ते केलेलं रूप फेकून द्यायचं. मूळ फाइलला हात लागत नाही. मला खरं तर एवढंच पाहिजे होतं, पण त्याकडे येतो.

वायफायवर दोन हिवाळे निघाले. उन्हाळा लागला की चित्र अडकायचं आणि मला कारण सापडेना. शेवटी कळलं, राउटर आणि टीव्हीच्या मधल्या खिडकीत आम्ही मार्चमध्ये कूलर बसवतो: पत्र्याचा डबा, आत पाण्याचं टाकं. मग वीस मीटर कॅट-६ केबल टाकली, भिंतीला भोक पाडलं. त्या भोकावरून घरात जे झालं ते इथं लिहीत नाही. भोक अजून आहे, केबलही आहे, चित्र अडकत नाही.

"पण त्यात पिक्चर कुठून आणले?" हाही एक तिरका प्रश्न असतो. पुष्कळसे माझ्या विकत घेतलेल्या व्हीसीडी-डीव्हीडींवरून उतरवलेले आहेत. सगळ्यांचं बिल दाखवता येईल असं मात्र म्हणत नाही. झालं?

आता खरं सांगतो.

बाबा २००४ मध्ये रिटायर झाले आणि नागपूरच्या बर्डी बाजारातून मिनीडीव्ही, म्हणजे छोट्या कॅसेटीचा व्हिडिओ कॅमेरा घेऊन आले. पेन्शनीतला माणूस, पण चार-पाच वर्षांत नऊ कॅसेटी भरल्या. तेव्हा आम्ही नागपुरात महाल भागात राहायचो. त्यांत तान्हा पोळा होता, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक होती, अंगणात वाळत घातलेल्या सांडग्यांचे पाच-पाच मिनिटांचे शॉट होते. २००९ मध्ये मी त्या कॅसेटी फायरवायर केबलनं कॉम्प्युटरवर उतरवल्या. तासाच्या कॅसेटीला तास लागायचा आणि १३ जीबी जागा. नऊ कॅसेटींचे ११७ जीबी, आणि माझी अख्खी डिस्क १६० ची, तीही अर्धी भरलेली. म्हणून एकेक कॅसेट एक्सव्हिड नावाच्या साच्यात आवळून ७०० एमबीची केली. एक कॅसेट, एक सीडी. अशा फायली चालवणारा डीव्हीडी प्लेयर होता, २१ इंची, मागं कुबड असलेला टीव्ही होता. लावून पाहिलं, सगळं छान. मी खूष, बाबा माझ्यापेक्षा जास्त खूष.

त्याच हिवाळ्यात मामाच्या मुलीचं लग्न निघालं. बाबांना कोऱ्या कॅसेटी पाहिजे होत्या. मीच म्हटलं, सीडी आहेत ना, ह्यांच्यावरच घ्या. कॅसेट हातात धरून त्यांनी विचारलं, "नक्की आलं ना रे सगळं?"

मी म्हटलं, "बाबा, डिजिटल आहे. डिजिटलमध्ये काही जात नाही."

चार कॅसेटींवर लग्न झालं. उरलेल्या पाचांवर पुढच्या दोन वर्षांत बारशी, मुंजी, एक सेंडऑफ. २०११ मध्ये बाबा गेले.

२०१९ मध्ये ४३ इंची टीव्ही आला, डबा आला, तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी मी आईला म्हटलं, बस, गंमत दाखवतो. "पोळा २००५" लावलं. अंगण, लाकडी बैल, त्याच्या दोरीला भाचा आणि मागं बाबा, हात वर करून ओरडताहेत, "घेऊन जा गे मारबत!" आई पुढं सरकली. मग म्हणाली, "हे काहून असे दिसून राहिले रे? उभे असले तर बरोबर दिसतात. जरा हलले का फाटतात."

तिनं दोन वाक्यांत सांगितलं ते मला समजून घ्यायला आठवडा लागला. त्या कॅमेऱ्याचं चित्र ५७६ ओळींचं, सेकंदाला २५. पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत घेतलेलं: आधी एकाआड एक ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या. जुना टीव्ही तसंच दोन हप्त्यांत दाखवायचा, म्हणून कधी कळलं नाही. नवा टीव्ही सगळ्या ओळी एकदम मांडतो. माणूस स्थिर असला की दोन्ही हप्ते जुळतात. हलला की अर्ध्या ओळींत इथं, अर्ध्यांत तिथं, कंगव्याच्या दातांसारखा. हे दुरुस्त होतं एरवी. फाइलीत खूण असली की डबा आपोआप ओळी जुळवतो. आवळताना ती खूण मी लावलेलीच नव्हती. जबरदस्तीनं यादिफ नावाची चाळणी लावून पाहिली. दात बोथट झाले. पण १३ जीबीचं ७०० एमबी म्हणजे अठरा हिश्श्यांतला एक. त्यातही कितीतरी जागा त्या दातांनीच खाल्लेली. बाबांच्या गालावर चौकोनी ठिगळं आहेत ती आहेतच.

२००९ चा मी अजून भांडतो. म्हणतो, डिस्क काय भावाची होती तेव्हा, आठव. सगळे तेच करायचे. ४३ इंची टीव्ही आपल्या घरात येईल हे तुला तरी माहीत होतं का? मी म्हणतो, कॅसेटी बुटाच्या खोक्यात पडल्या होत्या, त्या काय खायला मागत होत्या? तो म्हणतो, कोऱ्या कॅसेटी तू का नाही आणून दिल्या मग? ह्याचं माझ्याकडं उत्तर नाही. नोकरी होती, पगार होता. दुकान घरापासून वीस मिनिटांवर होतं.

२०२१ मध्ये एक जुना कॅमेरा मिळवला, फायरवायरचं कार्ड मिळवलं आणि लग्नाच्या कॅसेटी पुन्हा लावल्या. आशा अशी नव्हतीच. वरून नवं भरलं की खालचं निघत नाही. पण तिसऱ्या कॅसेटीत लग्न ५३ व्या मिनिटाला संपलं, पडदा क्षणभर निळा झाला आणि अंगण आलं. सात मिनिटं. मिरवणुकीहून परतल्यावर कॅमेरा बहुतेक ओट्यावर तसाच ठेवला असावा. अर्धी भिंत, बैलाचं एक चाक, कुणाचे तरी पाय, आईचा आतून आवाज. बाबा दिसत नाहीत. शेवटी त्यांचा हात येतो आणि आवाज, "हा चालूच आहे का बे?" संपलं.

ती फाइल दीड जीबीची आहे. पेनड्राइव्हवर मावते, फॅट३२ असला तरी मावते, हे मीच आधी सांगतो. टीव्हीला तो मूळ डीव्ही साचा कळत नाही, एवढंच. भाचा म्हणतो, मामा, एकदा चांगल्या दर्जाचं एच.२६४, म्हणजे टीव्हीला कळणाऱ्या साच्यातलं, करून टाका, मूळ फाइल कपाटात ठेवा, आजीला काडीचा फरक कळणार नाही, डबा बंद करा. त्याचं बरोबर आहे. तो ह्याच कामात आहे, मी नाही. पण मी आता कुठलीच फाइल आवळत नाही. दोन डिस्कांवर दोन प्रती आहेत, आणि दर वेळी डब्यानं नव्यानं उलगडून दाखवायचं, मग विसरून जायचं. ह्यात हिशोब कमी आणि भीती जास्त आहे, माहीत आहे मला. आईसाठी करतो म्हणतो, त्यातही किती आईसाठी, देव जाणे.

कारण ती सात मिनिटं तिनं एकदाच पाहिली. "ह्यात हे कुठं आहेत?" म्हणाली. मी पहिल्याच रांगेत लावून ठेवलीयेत. रिमोटनं ती त्यांच्यावरून पुढं जाते, "पोळा २००५" वर थांबते आणि ओके दाबते. कालही दुपारी पाहून राहिली होती, कूलरच्या आवाजावर टीव्हीचा आवाज चढवून.