४२९४९६७२९७ चा विभाजक शोधताना

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ४२९४९६७२९७ ही संख्या येते. याच साच्यातल्या (२ चा १, २, ४, ८ किंवा १६ वा घात अधिक १) ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या आधीच्या पाचही संख्या मूळ आहेत, म्हणून हीदेखील मूळच असणार, असे सतराव्या शतकात गणितज्ञ फर्मा मानत होता. गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये ती संयुक्त असल्याचे दाखवले. एवढे मला ठाऊक होते. तिचा विभाजक मात्र कुठेही न पाहता कागद-पेन्सिलीने शोधायचा, असे मी ठरवले.

सुरुवातीला मी ७, ११, १३ असे ओळीने भागत गेले, परंतु वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित पुढे असल्याने सुमारे साडेसहा हजार मूळ संख्या तपासाव्या लागतील, हे लक्षात आल्यावर थांबले. त्यानंतरचा विचार मला या संपूर्ण खटाटोपातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. समजा, प ही मूळ संख्या विभाजक आहे. मग प ने भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ (म्हणजे प पेक्षा एकाने कमी) आणि ६४ व्या घाताची १ येते, आणि त्याआधीच्या कोणत्याही घाताची बाकी १ येत नाही. दुसरीकडे, फर्माच्याच लहान प्रमेयानुसार २ च्या (प − १) व्या घाताची बाकी १ असते, म्हणून प − १ ला ६४ ने नि:शेष भाग जायलाच हवा. फर्माचा अंदाज खोटा ठरवणारे साधन त्याच्याच प्रमेयात होते!

आता उमेदवार उरले १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१, ७६९ वगैरे. दहा अंकी भागाकाराऐवजी मी २५६ पासून (म्हणजे २ च्या ८ व्या घातापासून) दोनदा वर्ग करून प्रत्येक वेळी बाकी काढली आणि शेवटी १ मिळवला. १९३ ला १०९, २५७ ला २, ४४९ ला ३२५, ५७७ ला २८८ अशा बाक्या उरल्या. ६४१ ला १० आली, म्हणून मी पुढे सरकले आणि दोन हजारांच्या पलीकडे जाऊनही हाती काही लागले नाही.

दुसऱ्या दिवशी यादी न्याहाळताना ६४१ वर नजर अडखळली, कारण ६४१ म्हणजे ५ × १२८ + १ आणि ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा. पहिल्या रूपावरून ५ गुणिले २ चा ७ वा घात याची बाकी −१ येते. त्याचा चौथा घात केला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १ ठरते. आणि दुसऱ्या रूपावरून ६२५ च्या जागी −१६ ठेवले की २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ मिळते. म्हणजे भाग जातोच. कालचा कागद पुन्हा पाहिला, तर १५४ चा वर्ग मी २३७१६ ऐवजी २३७२६ लिहिला होता. नेमका हव्या त्याच ठिकाणी हातचा चुकला होता.

भागाकार ६७००४१७ आला. त्याचे वर्गमूळ २५८८ च्या पुढे आहे आणि गणितज्ञ लुकासने दाखवल्याप्रमाणे ६४ ऐवजी १२८ चीही अट लावता येते. २५७ आधीच बाद झाल्याने ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढेच उमेदवार राहिले. या वेळी प्रत्येक भागाकार दोनदा केला. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ आल्या, म्हणजे ६७००४१७ मूळ आहे.