क्वार्टरबॅकचा रिसीव्हर करताना: हातांआधी कंबर आणि पाय

कॉलेज फुटबॉलमधल्या (अर्थातच अमेरिकन फुटबॉल) क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्याला, रिसीव्हर, म्हणजे पुढे धावून तो झेलणारा, करायचं ठरलं की पहिल्याच दिवशी सगळे त्याचे हात बघायला लागतात. चेंडू धरतो की सोडतो, एवढंच. मला वाटतं इथेच उलटी सुरुवात होते. लहानपणापासून चेंडू हाताळलेल्या मुलाला झेल शिकवणं एका उन्हाळ्याचं काम आहे. पूर्ण वेगात पंधरा यार्ड धावून तीन पावलांत थांबणं आणि मागे वळणं त्याने कधी केलेलंच नसतं, आणि ते एका उन्हाळ्यात येत नाही. क्वार्टरबॅकचं सगळं आयुष्य छाती ताठ, नजर लांब आणि पाय हलके ठेवून मागे सरकण्यात गेलेलं असतं. रिसीव्हरला नेमकं उलटं लागतं: कंबर खाली, छाती गुडघ्यांवर, वजन पुढच्या पायावर.

म्हणून कोणाला बदलायचं हे ठरवताना ४० यार्डांची शर्यत दुसऱ्या क्रमांकावर ठेवावी. आधी शॉर्ट शटल बघावी: पाच यार्ड एका बाजूला, दहा यार्ड उलट, पुन्हा पाच यार्ड परत. वेग मारणं आणि पुन्हा वेग घेणं, दोन्ही त्यात उघडं पडतं. ज्युलियन एडेलमन केंट स्टेटचा क्वार्टरबॅक होता. २००८च्या मोसमात त्याने १,३७० यार्ड पळून काढले होते, तरी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या कंबाइनचं, म्हणजे निवडीआधीच्या चाचण्यांचं, बोलावणं आलं नाही. कॉलेजातच झालेल्या चाचण्यांच्या दिवशी, प्रो डेला, त्याने शटल ३.९२ सेकंदांत मारली आणि २००९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, पेट्रियट्सने त्याला सातव्या फेरीत २३२व्या क्रमांकावर उचललं. याउलट आर्कान्सॉचा क्वार्टरबॅक मॅट जोन्स. सहा फूट सहा इंच उंची, ४० यार्ड ४.३७ सेकंदांत. २००५मध्ये जॅग्वार्सने त्याला रिसीव्हर म्हणून पहिल्या फेरीत, २१व्या क्रमांकावर घेतलं. हजार यार्डांचा मोसम त्याच्या नावावर एकही नाही. फक्त सरळ रेषेतला वेग बघून निवड करू नये, असं मी म्हणतो ते यासाठी.

सुरुवात स्लॉटमधून, म्हणजे मधली फळी आणि बाहेरचा रिसीव्हर यांच्यामधल्या जागेवरून करावी, बाहेरच्या जागेवरून नाही. नियमाप्रमाणे सात खेळाडू स्क्रिमेज लाइनवर, म्हणजे डाव जिथून सुरू होतो त्या रेषेवर, हवेत. स्लॉटचा रिसीव्हर लाइनच्या यार्डभर मागे उभा राहू शकतो. त्यामुळे बचावपटूला स्नॅपबरोबर, म्हणजे चेंडू मागे दिला जाऊन डाव सुरू होताच, त्याच्या छातीवर हात टाकणं अवघड जातं, आणि आत-बाहेर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. बाहेरच्या जागेवर समोर प्रेस करणारा, म्हणजे लाइनवरच हात टाकून अडवणारा, कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) आणि पाठीशी साइडलाइन. तिथे पहिल्याच महिन्यात नवख्याला उभं केलं तर त्याचा निम्मा सराव स्क्रिमेज लाइनवर अडकण्यात जातो आणि रूट, म्हणजे धावण्याच्या ठरलेल्या वाटा, शिकायचे राहून जातात.

उभं राहण्याचा ढंग आधी पक्का करायचा. पुढच्या पायावर साधारण ऐंशी टक्के वजन, मागची टाच उचललेली, हनुवटी पुढच्या गुडघ्याच्या वर. स्नॅप झाला की पुढचा पाय जमिनीला ढकलतो आणि मागचा पाय पुढे येतो. क्वार्टरबॅककडून इथे हमखास एक चूक होते. तो पुढचा पाय आधी इंच-दोन इंच मागे घेतो आणि मग निघतो, कारण स्नॅपबरोबर मागे जाण्याची सवय अंगात मुरलेली असते. मोबाइलवर बाजूने चित्रण करा, तीन-चार स्नॅपांत दिसेल. उपाय साधा आहे: पुढच्या बुटाच्या टाचेमागे सरावातला एक चपटा प्लॅस्टिकचा कोन (खुणेचा शंकू) ठेवायचा. पाय मागे आला की कोन हलतो, मुलाला स्वतःलाच कळतं.

पहिले चार आठवडे तीनच रूट पुरे: सहा यार्डांचा हिच (थांबून मागे वळणं), तीन पावलांचा स्लँट (तिरकं आत जाणं) आणि सरळ गो. बहुतेक संघांच्या रूट ट्रीमध्ये, म्हणजे रूटच्या तक्त्यात, शून्य ते नऊ आकडे असतात, सम आकडे आत वळणारे आणि विषम बाहेर. क्वार्टरबॅकला ते झोपेतही पाठ असतात, म्हणून प्रशिक्षकाला सगळे एकदम द्यायचा मोह होतो. पाठ असणं वेगळं आणि पायांना येणं वेगळं. हिच नीट झाला की त्याच थांबण्यातून कर्ल आणि कमबॅक हे लांबचे रूट निघतात. स्लँटच्या रोवलेल्या पायातून पोस्ट, म्हणजे गोलपोस्टच्या दिशेने लांब तिरकी धाव, निघतो. आउट आणि डिग, म्हणजे बारा-पंधरा यार्डांवरचे काटकोनी वळण, त्यानंतर. डबल मूव्ह, म्हणजे एक वळण दाखवून दुसरीकडे जाणं, अगदी शेवटी.

कर्ल जवळून बघू. बारा यार्ड जायचं आणि चेंडूकडे परत येत दहावर धरायचं. नवव्या-दहाव्या यार्डापर्यंत अंगाची ठेवण गोसारखीच हवी, हातही तसेच चालले पाहिजेत. मग कंबर खाली, पावलं आखूड, शेवटचा पाय नितंबांच्या बाहेर रोवायचा, बोटं जमेल तेवढी समोर. कोपर मागे झटकलं की खांदे वळतात, आणि डोकं सगळ्यात शेवटी. नवखा नेमकं उलट करतो. थांबण्याआधी दोन पावलं तो ताठ उभा होतो. ती उंची वाढलेली दिसली की कॉर्नरबॅक लगेच ओळखतो आणि पुढे झेप घेतो. दुसरी चूक म्हणजे डोकं आधी वळवणं. आयुष्यभर चेंडू याच्याच हातात होता, त्यामुळे तो नजरेआड झाला की त्याला चैन पडत नाही. डोकं आधी फिरलं की खांदा उघडतो, वेग मरतो आणि काटकोनाचा गोल होतो. यासाठी चेंडूशिवायच सराव घ्यावा. प्रशिक्षक कॉर्नरबॅकच्या जागी उभा राहतो आणि छातीशी बोटं दाखवतो, किती दाखवली ते मुलाने ब्रेकच्या पावलावर ओरडून सांगायचं. नजर तोवर तिथेच खिळते.

प्रेसविरुद्धची सुटका म्हणजे कबड्डीतल्या चढाईपटूची हुलकावणी: खांदा एका बाजूला दाखवायचा, पाय दुसरीकडून काढायचे. फक्त इथे वेळ मोजून मिळतो. क्वार्टरबॅक तिसऱ्या किंवा पाचव्या पावलावर चेंडू सोडणार असतो, म्हणून लाइनवर दोनपेक्षा जास्त हुलकावण्या दिल्या तर रूट सुंदर दिसतो आणि चेंडू कधीच निघून गेलेला असतो.

आता हात. कमरेच्या वरचा चेंडू अंगठे जवळ आणून, खालचा करंगळ्या जवळ आणून. कोपरं किंचित वाकलेली, झेल शरीरापासून पुढे. शॉटगनमधले, म्हणजे काही यार्ड मागे उभं राहून, स्नॅप घेऊन क्वार्टरबॅकला पोटाजवळ सावकाश चेंडू घ्यायची सवय असते. त्याच पद्धतीने तो वेगवान पास छातीवर घेतो आणि चेंडू पॅडवर आपटून वर उडतो, बऱ्याचदा थेट सेफ्टीच्या, म्हणजे सगळ्यात मागे राखण करणाऱ्या बचावपटूच्या, हातात. आधी गुडघ्यांवर बसवून पाच यार्डांवरून, मग उभं राहून दहा यार्डांवरून मशिनने, मग पाठ करून ‘बॉल’ म्हटल्यावर वळून. रोज शंभरएक झेल पुरतात. त्यातले शेवटचे वीस-पंचवीस धावून दमल्यावर घ्यावेत, कारण सामन्यात झेल सुटतात ते त्याच वेळी. खांद्यावरून येणारा लांब चेंडू वेगळा शिकवायचा. तिथे हात लवकर वर गेले की धावण्याचा वेग पडतो, म्हणून ते शेवटच्या क्षणीच वर गेले पाहिजेत. साइडलाइनवर कॉलेजच्या नियमात एक पाय आत पडला तरी चालतं, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. पुढे जायची आशा असलेल्याने पहिल्या दिवसापासून दोन्ही पाय ओढत सराव करावा.

हॅमस्ट्रिंगकडे दुर्लक्ष झालं तर वरचं सगळं फुकट. सरावात क्वार्टरबॅक पाच-सात पावलं मागे जातो, चेंडू फेकतो आणि परत येतो. रिसीव्हर त्याच सरावात कितीतरी वेळा पूर्ण वेगाने धावतो, आणि वेग मारताना मांडीच्या मागच्या स्नायूवर व जांघेवर जो ताण येतो तो क्वार्टरबॅकच्या शरीराला ठाऊकच नसतो. उत्साहात पहिल्या आठवड्यात सगळे रूट पळवले की दुसऱ्या आठवड्यात मुलगा बर्फ लावून बाकावर बसलेला दिसतो. पूर्ण वेगाचं धावणं आठवड्याला दोन दिवसांपासून सुरू करून हळूहळू वाढवावं. जोडीला नॉर्डिक कर्ल (घोटे धरून ठेवून गुडघ्यांवरून अंग सावकाश पुढे सोडण्याचा व्यायाम) आठवड्यातून दोनदा, सुरुवातीला दोन सेट, प्रत्येकी चार-पाच. स्प्रिंग प्रॅक्टिस जेमतेम पंधरा सत्रांची असते, त्यातली पाच दुखापतीत घालवणं परवडत नाही. म्हणून ही तयारी जानेवारीतच सुरू व्हायला हवी.

सरावात क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी असते, त्याला हात लावायचा नाही म्हणून. ती उतरली की त्याला ब्लॉकही करावे लागतात, म्हणजे आपल्या धावणाऱ्यासाठी बचावपटूला अंगाने अडवावं लागतं. बुटकी, जलद पावलं टाकत जायचं, बचावपटूच्या दोन यार्ड आधी वेग मारायचा आणि तळहात त्याच्या छातीच्या पट्ट्यात, खांद्यांच्या आत ठेवायचे. हात बाहेर गेले की होल्डिंग, दहा यार्डांचा दंड. संघातला विश्वास तो इथे मिळवतो किंवा घालवतो. धावणाऱ्यासाठी तो ब्लॉक करतोय हे दिसलं की जुना क्वार्टरबॅक म्हणून असलेला दुरावा आपोआप मिटतो.

डोकं ही त्याची खरी जमा बाजू. सेफ्टी स्नॅपनंतर कुठे सरकतोय, मधली जागा उघडतेय की बंद होतेय, हे त्याला इतरांआधी दिसतं. ऑप्शन रूटमध्ये, म्हणजे बचावपटू आत उभा असेल तर बाहेर आणि बाहेर असेल तर आत वळायचं अशा वेळी, त्याचा आणि चेंडू फेकणाऱ्याचा निर्णय एकच होतो. पण याच डोक्याचा एक तोटा आहे, आणि मैदानाबाहेर त्याची चर्चा फार कमी होते. या डावात आपण तिसरी निवड आहोत, चेंडू आपल्याकडे येणार नाही, हे त्याला स्नॅपआधीच कळतं आणि पाय नकळत सैल होतात. सेफ्टीला ते लगेच समजतं. मग तो याला सोडून ज्याच्याकडे चेंडू जाणार आहे त्याच्याकडे सरकतो. म्हणून चित्रफीत बघताना याच्याकडे चेंडू न आलेले डाव आधी लावावेत.

ब्रॅक्स्टन मिलरचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. ओहायो स्टेटचा हा क्वार्टरबॅक २०१२ आणि २०१३ला बिग टेन या कॉलेज लीगचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला होता. ऑगस्ट २०१४मध्ये फेकायचा खांदा गेला, आणि त्याच मोसमात जे. टी. बॅरेट आणि कार्डेल जोन्स यांनी संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. जुलै २०१५मध्ये त्याने रिसीव्हर व्हायचं जाहीर केलं, म्हणजे नव्या जागेची स्प्रिंग प्रॅक्टिस त्याच्या वाट्याला आलीच नाही. तरी ७ सप्टेंबरला व्हर्जिनिया टेकविरुद्ध त्याने ५४ यार्डांचा झेल घेऊन एक टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) केलं आणि ५३ यार्ड पळून दुसरं, मध्ये ती अफाट गिरकी. पुढे मात्र आठवड्यामागून आठवडे तसं झालं नाही. मोकळ्या मैदानात चेंडू हातात आल्यावरची करामत त्याच्याकडे आधीपासून होती, काटेकोर रूट अजून यायचे होते. प्रशिक्षकांनी त्याला थेट स्नॅप, स्क्रीन (जवळचा छोटा पास), जेट स्वीप (आडवं पळतानाच चेंडू हाती घेणं) असे डाव दिले ते योग्यच होतं. पहिल्या वर्षी याहून जास्त मागू नये. एडेलमनलाही २०१०मध्ये सात आणि २०११मध्ये चारच झेल मिळाले. त्या काळात तो पंट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने लाथेने उडवलेला चेंडू, परतवत होता, बचावातही उभा राहिला. १०५ झेलांचा मोसम आला तो २०१३मध्ये, आणि फेब्रुवारी २०१९च्या सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता.

जागा बदलायची ही सूचना अनेकदा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकना केली गेली, हेही बोललं पाहिजे. मार्लिन ब्रिस्को १९६८मध्ये डेन्व्हरकडून खेळला, एएफएल या तेव्हाच्या दुसऱ्या लीगमधला सुरुवातीपासून उतरणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. त्या नवख्या वर्षात त्याने १४ टचडाउन पास दिले. तरी पुढच्या वर्षी त्याला बफेलोत रिसीव्हर व्हावं लागलं, आणि १९७०मध्ये त्याने हजारावर यार्ड काढले. वॉरन मूनने जागा बदलायला नकार दिला, कॅनडात एडमंटनकडून सलग पाच ग्रे कप (तिथलं विजेतेपद) जिंकले आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. २०१८च्या ड्राफ्टआधी लमार जॅक्सनलाही रिसीव्हर व्हायला सुचवणारे होते. २०१९ला तो एकमताने एमव्हीपी, म्हणजे मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. म्हणून आधी त्या मुलाची फेक प्रामाणिकपणे तपासा, त्याला काय हवं ते विचारा आणि कारण तोंडावर सांगा. दुसऱ्या कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून जागा मिळत असेल तर तेही सांगा.

बदल झाल्यावर त्याला दोन्ही बैठकांना बसवू नये. सकाळी क्वार्टरबॅकची, दुपारी रिसीव्हरची, असं केलं की दोन्ही अर्धवट राहतं. हात मात्र फेकता ठेवावा, आठवड्यातून दोनदा पंचवीस-तीस चेंडू, एवढं पुरे. उपयोग होतो तो डबल पासला. जानेवारी २०१५मध्ये रेव्हन्सविरुद्ध पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने चेंडू मागच्या दिशेने एडेलमनकडे टाकला आणि त्याने ५१ यार्डांचा पास सहकारी अमेंडोलाला देऊन २८-२८ची बरोबरी केली. पहिली फेक मागे किंवा अगदी समांतर गेली पाहिजे. पुढे गेली तर दुसरी फेक बेकायदा. पूर्ण सामना खेळवायचा असेल तर मात्र एवढा सराव पुरत नाही. वेक फॉरेस्टचा माजी क्वार्टरबॅक केंडल हिंटन २०२०मध्ये डेन्व्हरच्या सराव पथकात रिसीव्हर होता. कोविडच्या नियमांमुळे संघाचे सगळे क्वार्टरबॅक बाहेर बसले आणि २९ नोव्हेंबरला सेंट्सविरुद्ध त्याला उतरवलं. नऊ पासांपैकी एक पोचला, १३ यार्डांचा, आणि दोन पास प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले. आणीबाणीसाठी चार-पाच डावांचा छोटा गठ्ठा आधीच ठरवून ठेवावा: धावण्याचे दोन, स्क्रीन एक, रोलआउट (बाजूला पळत फेकणं) एक, आणि हे डाव दर गुरुवारी दहा मिनिटं त्याच्याकडून करून घ्यावेत.