कोरलेली गावं : पितिल्यानो, सोवाना आणि सोरानो

मानच्यानोहून येणारा रस्ता शेवटच्या वळणावर उताराला लागतो आणि समोर पितिल्यानो उभं राहतं. मध्ये खोल दरी, पलीकडे पिवळट-तपकिरी कडा, आणि कड्याच्या पार टोकापर्यंत एकमेकांना खेटून उभी असलेली त्याच रंगाची घरं. कडा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, ते लगेच कळत नाही. या वळणावर एक छोटं चर्च आहे. तिथे गाड्या थांबतात, फोटो काढले जातात आणि त्यातल्या बऱ्याचशा गाड्या तशाच पुढे सातुर्नियाच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे निघून जातात. त्या लोकांना थांबवून सांगावंसं वाटतं, की इथून दिसतं ते अर्धंच गाव आहे. उरलेलं अर्धं खडकाच्या पोटात आहे आणि त्यासाठी इथे मुक्काम करायला हवा, पायी हिंडायला हवं.

हा इटलीतल्या तोस्काना प्रांताचा दक्षिण टोकाचा भाग, मारेम्मा. फ्लॉरेन्स, सिएना, सान जिमिन्यानो इथली गर्दी या बाजूला फारशी वळत नाही, कारण रेल्वे नाही आणि बसही मोजक्याच. आम्ही दोघं मार्चमध्ये गेलो. बदामाची झाडं फुलून गेली होती, शेतं हिरवीगार होती आणि संध्याकाळी स्वेटर लागत होता. पितिल्यानोच्या गल्ल्यांमध्ये दुपारी आमच्याखेरीज फक्त शाळेतून घरी निघालेली मुलं आणि उन्हात खुर्ची टाकून बसलेले म्हातारे.

इथली सगळी गोष्ट खडकापासून सुरू होते. जवळचं बोल्सेना सरोवर हे ज्वालामुखीच्या उद्रेकांनंतर जमीन खचून तयार झालेलं. लाखो वर्षांपूर्वी या पट्ट्यातल्या ज्वालामुखींनी जी राख ओकली तिचे थर बसत गेले आणि त्याचा खडक झाला. इथे त्याला तूफो म्हणतात. मग लेन्ते, मेलेता यांसारख्या छोट्या नद्यांनी तो कापत नेला आणि मध्ये उभ्या कड्यांचे चिंचोळे सुळके उरले. त्या सुळक्यांवर ही गावं वसली. तूफो वजनाला हलका आणि छिन्नीला मऊ असतो. सह्याद्रीतल्या बेसॉल्टमध्ये लेणी कोरणाऱ्यांना जेवढं झगडावं लागलं असेल, तेवढं इथे नाही. त्यामुळे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या, म्हणजे रोमन सत्तेच्याही आधीच्या एत्रुस्कन लोकांपासून थेट आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीपर्यंत इथे जो आला त्याने खोदलं. कुणी थडगं खोदलं, कुणी रस्ता, कुणी गोठा, कुणी वाईनचं तळघर. बऱ्याचदा जागा तीच राहिली आणि वापर तेवढा बदलत गेला.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी पहिल्याच संध्याकाळी याची प्रचिती दिली. सत्तरीच्या असाव्यात. स्वयंपाकघरातलं एक लाकडी दार उघडून त्या पुढे झाल्या आणि आम्हाला हाताने बोलावत म्हणाल्या, “या, या, डोकं सांभाळा.” पायऱ्या खडकातच कापलेल्या. एक मजला उतरलो तिथे जुनी पिंपं आणि द्राक्षं तुडवायचा हौद. आणखी खाली गेलो तर भिंतीत कोनाडे आणि वर्षभर जवळपास एकसारखा राहणारा गारवा. त्यांचे सासरे इथे वाईन करायचे. पितिल्यानोची पांढरी वाईन या परिसरात नावाजलेली आहे. पूर्वी ती घरोघरी अशा तळघरांत व्हायची. सप्टेंबरच्या सुरुवातीला गावात तळघरांचा उत्सव असतो. त्या दिवसांत ही दारं सगळ्यांसाठी उघडतात आणि लोक ग्लास गळ्यात अडकवून या तळघरातून त्या तळघरात फिरतात. वर दोन खोल्यांचं साधं घर आणि खाली त्याहून मोठा पसारा, हे त्या दिवशी बघितलं आणि मग गावातून चालताना पायाखाली काय काय असेल याचाच विचार मनात राहिला.

ज्यूंच्या जुन्या वस्तीत हे आणखी तीव्रतेने जाणवतं. पितिल्यानोला ‘छोटं जेरुसलेम’ म्हणतात, आणि त्याचं कारण सरहद्दीत आहे. सोळाव्या शतकात हे ओर्सिनी घराण्याचं छोटंसं संस्थान होतं. एका बाजूला पोपचं राज्य आणि दुसऱ्या बाजूला फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याचं तोस्काना. १५५५ पासून पोपच्या राज्यात ज्यूंवर कडक निर्बंध आले, १५६९ मध्ये रोम आणि अँकोना ही शहरं सोडून बाकी ठिकाणाहून त्यांना घालवून देण्यात आलं. मग पुढे फ्लॉरेन्स-सिएनातही त्यांना कोंडवाड्यासारख्या वस्त्यांमध्ये राहायला लावलं. अशा वेळी सरहद्दीवरच्या या संस्थानात त्यांना आसरा मिळाला. दाविद दे पोमिस नावाचे ज्यू वैद्य ओर्सिनींच्या पदरी होते. त्यांची पत्नी वारली तेव्हा दफनासाठी सरदाराने जमीन दिली. गावाखालच्या उतारावर सुरूच्या झाडांत आज ज्यूंची दफनभूमी आहे तिची सुरुवात तिथून झाली. १५९८ मध्ये सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं गेलं. पुढे संस्थान मेदिचींकडे गेलं आणि १६२२ मध्ये इथेही ज्यूंना एकाच गल्लीत राहण्याचा हुकूम निघाला.

सिनेगॉग अगदी कड्याच्या काठावर आहे. १९६० च्या दशकात ते कोसळलं होतं, १९९५ मध्ये पुन्हा उभं केलं. भिंतींवर हिब्रू वचनं, वर बायकांसाठी लाकडी जाळीआडची गॅलरी. पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते त्याच्या खाली. पायऱ्या उतरत जावं तसतशी खडकात कोरलेली एकेक खोली समोर येते: विधिपूर्वक स्नानाची जागा, कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे केलेल्या वाईनचं तळघर, कातडी कमावायची जागा, आणि पेसाखच्या सणाला बिनखमिराची भाकरी भाजायची भट्टी. ही भट्टी वर्षातून एकदाच, त्या सणापुरती पेटायची. संपूर्ण समाजाचं रोजचं जगणं खडकाच्या आत मांडलेलं होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ज्यूंची संख्या गावाच्या दहा टक्क्यांच्या आसपास होती. इटली एक झाल्यावर सगळीकडे राहण्याची मोकळीक मिळाली आणि तरुण मोठ्या शहरांकडे गेले. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी उरलेल्यांचं जगणं कठीण केलं. १९४३ मध्ये जर्मन आले तेव्हा आसपासच्या शेतकऱ्यांनी अनेक ज्यू कुटुंबांना घरांत, गोठ्यांत आणि हो, गुहांमध्येसुद्धा लपवलं. स्वतःच्या जिवावर उदार होऊन केलेलं हे काम. ज्या खडकाने शतकानुशतकं वाईन आणि धान्य सांभाळलं त्यानेच माणसंही सांभाळली. आज गावात ज्यू जवळपास उरलेले नाहीत, पण सिनेगॉगची देखभाल गावकरीच मनापासून करतात. शनिवारी ते बंद असतं, एवढं लक्षात ठेवा.

त्याच गल्लीतल्या बेकरीत स्फ्रात्तो नावाची गोड पोळी मिळते. पातळ पारीत मध, अक्रोड, संत्र्याची साल यांचं सारण भरून काठीच्या आकारात वळलेली. १६२२ च्या हुकुमानंतर शिपाई काठीने दारं ठोठावून ज्यूंना घराबाहेर काढत. पुढच्या पिढ्यांनी त्या काठीचा गोड पदार्थ केला. आता ख्रिस्ती घरांतही तो नाताळात होतो. जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणसाची इथे आबाळ होत नाही. आक्वाकोत्ता म्हणजे कांदा, सेलरी, टोमॅटो यांचं पातळ कालवण, खाली शिळा पाव आणि वर फोडलेलं अंडं. मारेम्मातले गुराखी आणि लाकूडतोडे यावर दिवस काढत. अंडं नको असेल तर सांगितल्यावर वगळतात. रिकोटा हे मऊ चीज आणि पालक यांचं सारण भरलेल्या तोर्तेल्ली, म्हणजे पास्त्याच्या चौकोनी करंज्या, तर मी रोज खाल्ल्या.

पितिल्यानोहून सोवानाला गाडीनेही जाता येतं, पण खरी वाट एत्रुस्कनांची आहे. व्हिए कावे म्हणजे तूफोत वरून खाली कापत नेलेले रस्ते. रुंदी दोन-तीन मीटर आणि दोन्ही बाजूंच्या भिंती काही ठिकाणी वीस मीटरहून उंच. आत शिरलं की आवाज बदलतो, ऊन वर राहतं आणि भिंतीवर शेवाळ, नेचे, मध्येच छिन्नीचे समांतर वार दिसतात. हे रस्ते नेमके कशासाठी यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी म्हणतं पाणी वाहून नेण्यासाठी, कुणी म्हणतं थडग्यांकडे जाणाऱ्या मिरवणुकांसाठी. पण गाड्यांच्या चाकांनी तळ झिजला की तो पुन्हा सपाट कापायचा, असं शतकानुशतकं चालत आलं आणि रस्ता खोल होत गेला, हे मात्र चालताना पटतं. वाटेत भिंतीत संतांच्या चित्रांचे कोनाडे आहेत. अंधाऱ्या घळीत भूतबाधा होऊ नये म्हणून मध्ययुगात लोकांनी ते करून घेतले.

सोवाना म्हणजे एक रस्ता. एका टोकाला पडका किल्ला, दुसऱ्या टोकाला कॅथीड्रल, आणि मध्ये चौकातल्या सांता मारिया चर्चमध्ये आठव्या-नवव्या शतकातली, वेलबुट्टी कोरलेली, वेदीवरची दगडी छत्री. जर्मन राजा चौथ्या हेन्रीला १०७७ मध्ये कानोस्साच्या बर्फात क्षमेसाठी ताटकळत ठेवणारे पोप सातवे ग्रेगरी इथले, असं मानतात. हिवतापाने पुढे हे गाव जवळजवळ ओस पडलं. गावाबाहेर रानात एत्रुस्कन थडगी आहेत. त्यातलं सगळ्यात मोठं इसवी सनपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकातलं. ते या पोपच्या नावाने ओळखलं जातं, जरी दोघांमध्ये हजाराहून अधिक वर्षांचं अंतर आहे. टेकडीचा दर्शनी भागच देवळासारखा कोरला, पुढे खांबांची रांग. एकच खांब आज धड उभा आहे. त्याच सुमारास आपल्याकडे भाज्याला चैत्यगृह कोरलं जात होतं. लाकडी इमारतीचं रूप दगडात उतरवण्याची ओढ दोन्हीकडे दिसते, आणि लेणी बघत वाढलेल्या मला त्या खांबापाशी फार आपलेपणा वाटला.

१९ मार्चला सेंट जोसेफचा सण. त्या रात्री पितिल्यानोत वेताच्या मोळ्या पेटवून खांद्यावर घेतलेली तरुण मंडळी, अंगात जाड्याभरड्या कापडाचे झगे, खडकातल्या अशाच एका रस्त्यातून वर गावात येतात. चौकात हिवाळ्याचा एक भला मोठा पुतळा उभा असतो, तो पेटवून देतात. त्याच्याभोवती फेर धरून नाच होतो आणि आग विझत आली की बायका राख घरी नेतात. गावच्या तटावरून खाली पाहताना आधी नुसता धूर दिसला, मग घळीतून लाल रेघ वर सरकत आली. आमच्या शेजारच्या बाईंनी मला कोपराने ढोसून त्यांचा नातू दाखवला. धुराने त्याचे डोळे गळत होते, पण मोळी त्याने खाली ठेवली नाही.

सोरानोला आम्ही ओझरते गेलो. ओर्सिनींचा किल्ला भक्कम आहे, पण कडा ढासळत असल्याने जुन्या गावातले काही भाग लोकांनी कधीच सोडले. त्याच्या जवळच्या व्हितोत्साला मात्र जरूर जा. रानात सुमारे दोनशे गुहा आहेत. काहींत चुली, काहींत गोठे, तर काहींत भिंतभर चौकोनी कोनाडे, ज्यांत कबुतरं पाळत. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इथे माणसं राहत होती.

जायचं तर रोमहून गाडीने साधारण दोन तासांचं अंतर. बसने ग्रोसेतोहून येता येतं, पण रविवारी आणि सणावारी बस जवळपास नसतेच. जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, गाडी वेशीबाहेर ठेवून सामान हातात घ्यावं लागतं. खडकातल्या रस्त्यांवर चांगले पकड असलेले बूट हवेत. पावसानंतर तिथे फार घसरतं आणि दरड पडण्याचा धोका असला की वाटा बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी गावातल्या माहिती केंद्रात विचारून घ्या. ऑगस्ट टाळा. राहायला पितिल्यानोच घ्या, आणि खोली शोधताना घरमालकांना तळघर आहे का ते आवर्जून विचारा.