कुंड्यांमागच्या कोऱ्या जागा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कर्वेनगरमधल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला गच्चीचे चार फोटो पाठवले. पांढरट मॅट टाइल्स, त्यांवर शेकडो तांबूस ठिपके आणि ठिपक्यांना फुटलेले पिवळे ओघळ. खाली प्रश्न होता, ‘हे कशाने झालं असेल?’ मी सिंहगड रोडला एका कामावर होतो, हात ओले होते. फोटोत कडेला कुंड्यांची रांग दिसली. मी लिहून टाकलं, ‘हिराकसाचे डाग दिसतात. खत देताना सांडलं असणार. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने निघतील.’ आणि परत कामाला लागलो.

अंदाज अगदीच हवेतला नव्हता. कढीपत्त्याची, मोगऱ्याची पानं पिवळी पडली की माळी हिराकस देतात. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, हिरवट खडे. ओल्या फरशीवर खडा पडून राहिला की तिथे गंजासारखाच डाग धरतो. फरशी साफ करण्याच्या आणि पॉलिशच्या धंद्यात मला २२ वर्षं झाली. असे डाग किती काढले याची मोजदाद नाही.

काम प्रत्यक्षात आलं तीन आठवड्यांनी. मधल्या काळात सोसायटीच्या सफाईवाल्यांनी आधी ब्लीच ओतून पाहिलं आणि मग बाथरूमचं अ‍ॅसिड. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो, गंजावर ब्लीच टाकू नका. गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्सिडीकरण आणि ब्लीचचा गुणही तोच, म्हणजे डाग फिका होण्याऐवजी पक्का होतो. बाथरूमचं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते गंज विरघळवतं खरं, पण टाइल्सच्या सांध्यांमधलं सिमेंट खातं, आणि विरघळलेलं पिवळं पाणी त्याच खाल्लेल्या सांध्यात मुरतं. त्याच्या वाफेने आसपासचं लोखंड नव्याने गंजतं ते वेगळंच. तिथे नेमकं तेच झालं होतं. गच्चीवर मे महिन्यात पावसाळी शेड उभी केली होती, तिच्या पाइपांचा रंग पायापाशी फुगून आला होता. कठड्याखालच्या कोट्याच्या पट्टीवरून हात फिरवला तर तळहाताला खरखर लागली. कोटा हा चुनखडीचा दगड. अ‍ॅसिड पडलं की त्याचं पॉलिश गेलंच.

सकाळी साडेआठला सुरुवात केली. दोन दिवस उघडीप होती. पहिला तास नुसती धुलाई, कारण सांध्यांमध्ये ब्लीच शिल्लक असेल आणि त्यावर कुठलंही आम्ल पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. माझ्या हाताखालचा मुलगा नवीन आहे, त्याला दोनदा धुवायचा कंटाळा आला होता. त्याला शेजारी उभं करून हे समजावलं.

मग ऑक्झॅलिक. लिटरभर कोमट पाण्यात साठ ग्रॅम. हे विष आहे, त्यामुळे हातमोजे आणि गॉगल हवेतच, आणि पूड ओतताना वाऱ्याकडे पाठ करायची. पाणी मी मुद्दाम खालच्या नळाचं, म्हणजे खडकवासला धरणाचं मागवलं. गच्चीवरच्या नळाला बोअरचं पाणी होतं. जड पाण्यातला चुना ऑक्झॅलिकशी जमून पांढरी पूड तयार होते, ती टाइलवर बसते आणि लोक म्हणतात, डाग गेले पण टाइल भुरकी केली. ब्रश नायलॉनचाच. तारेच्या घासणीचे तुकडे मागे राहतात आणि आठवड्यात तेच गंजतात. टाइलवर द्रावण पसरायचं, पंधरा मिनिटं ओलं ठेवायचं, सुकू द्यायचं नाही, हलक्या हाताने घासायचं, धुवायचं. कोट्यावर मात्र यातलं काही लावायचं नाही.

पहिला पट्टा धुतला आणि टाइल उजळली. ओघळ गेले, तांबूस वलयं गेली. पण प्रत्येक वलयाच्या मधोमध एक काळा बिंदू राहिला, खसखशीच्या दाण्याहून बारीक. नखाने चाचपला तर टोचला.

हिराकस टोचत नाही. तो पाण्यात विरघळतो, डागाशिवाय त्याचं मागे काही राहत नाही.

माझ्या पिशवीत जुन्या स्पीकरचं एक चुंबक असतं. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी न धुतलेल्या कोपऱ्यात टाइलवरून फिरवलं. पिशवीला बाहेरून काळी लव चिकटली. लोखंडाचा कीस होता तो, ग्राइंडरचा.

मग उभा राहून पहिल्यांदा सगळी गच्ची नीट पाहिली. हे मी सकाळी करायला हवं होतं, आणि खरं तर जूनमध्ये. ठिपके शेडच्या ईशान्येकडच्या खांबापाशी सर्वांत दाट होते आणि तिथून पंख्यासारखे पसरत विरळ होत गेले होते. टाकीच्या भिंतीवरही होते, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत, आणि फक्त खांबाकडच्या बाजूला. भिंतीवर कोण खत टाकतं? कुंड्या सरकवून पाहिल्या. प्रत्येक कुंडीच्या मागे टाइलवर एक कोरी जागा होती, सावली पडावी तशी लांबट. सगळ्या सावल्यांची पाठ त्या एका खांबाकडे होती. तिथे बसून कुणीतरी चौकोनी पाइप कापले होते, ठिणग्या उडाल्या होत्या आणि कुंड्यांनी त्या अडवल्या होत्या. खताचे डाग असते तर ते कुंड्यांभोवती दाटले असते आणि उताराने पन्हाळीकडे गेले असते. पन्हाळीजवळची टाइल जवळजवळ स्वच्छ होती.

ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापून लाल झालेला लोखंडाचा कण. तो टाइलच्या ग्लेझवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरावर, पडला की जरासा वितळून तिथेच रुततो. मे महिन्यात कोरड्यात तो दिसत नाही. पहिला पाऊस पडला की एका रात्रीत गंजतो. कापण्याआधी एक जुनी ताडपत्री अंथरली असती तरी हे काही झालं नसतं. फॅब्रिकेशनवाल्यांना हे माहीत असतं, तरी दहातले आठ जण अंथरत नाहीत, आणि सोसायटीतही कुणी विचारत नाही.

सेक्रेटरी चहा घेऊन वर आले तेव्हा मी त्यांना चुंबक दाखवलं, कुंड्यांमागच्या जागा दाखवल्या. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “अहो, पण माळीकाकांना तर आम्ही काढून टाकलं. तुम्हीच म्हणाला होतात ना?”

माझा मेसेज त्यांनी कमिटीच्या ग्रुपवर जसाच्या तसा टाकला होता. माळीकाका म्हणत होते की ते हिराकस बादलीत कालवून देतात, खडे टाकतच नाहीत. पण फरशीच्या माणसाने लिहून दिलंय म्हटल्यावर त्यांचं कोण ऐकणार? मे महिन्याचा पगार, चार हजार, नुकसानीपोटी अडकवून ठेवला. शेडवाल्याचं बिल मात्र पूर्ण चुकतं झालं होतं. मी विचारलं, “मग आता?” ते म्हणाले, “बघू, मीटिंगला घेऊ.”

दुपारभर मी आणि मुलगा ब्लेडने एकेक बिंदू उचलत बसलो. ब्लेड आडवं धरून, पाणी लावून, टाइलला चरा जाऊ न देता. जवळजवळ झोपून करावं लागतं हे काम. उचललेला कण लगेच चुंबकाने टिपायचा, नाहीतर तो दुसऱ्या टाइलवर जाऊन बसतो. शेवटी सगळीकडे खायच्या सोड्याचं पाणी फिरवलं.

कोट्यासाठी लेप केला. एक भाग सोडियम सायट्रेट, सहा भाग कोमट पाणी, तितकंच ग्लिसरिन, आणि घट्ट होईल इतकी खडूची पूड. मुलतानी माती वापरायची नाही, तिच्यातच लोखंड असतं. डाग ओला करून त्यावर रंगारी वापरतात तो हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, भुरभुरायचा, वर लेप, वर प्लॅस्टिक. काडी पेटवल्यासारखा गंधकाचा वास येतो. दुसऱ्या दिवशी लेप काढला तर डाग गेला होता. उडालेलं पॉलिश लेपाने येत नाही, त्याला मशीनच लागतं.

वॉचमनकडून माळीकाकांचा नंबर घेतला. फोन लावायला मला संध्याकाळ झाली. मी कोण ते सांगितलं, डाग कशाचे निघाले ते सांगितलं. ते म्हणाले, “मी तेच सांगत होतो, साहेब. हिराकसाची पुडी माझ्या पिशवीत तशीच होती, दाखवली पण होती.” मग म्हणाले, “फोटो बघून कुणीतरी सांगितलं होतं त्यांना.” मी म्हटलं, “काका, तो मीच.”

पलीकडे नळ चालू असल्याचा आवाज येत होता. तो बंद झाला. मग त्यांनी विचारलं, “हे कागदावर लिहून द्याल का?”

दिलं. माझ्या लेटरहेडवर, सहा फोटोंसह, चुंबकाला चिकटलेल्या किसाची पिशवी स्टेपल करून. ‘१२ जूनला फोटो पाहून मी दिलेलं मत चुकीचं होतं’ हे वाक्य पहिल्यांदा शेवटी लिहिलं होतं, मग कागद फाडून ते पहिल्या ओळीत घेतलं. एक प्रत सेक्रेटरींना, एक माळीकाकांना. पगार अजून मिळालेला नाही, मीटिंग पुढे गेली आहे. दर सोमवारी मी सेक्रेटरींना फोन करतो.

काल रात्री जोराचा पाऊस झाला आणि आज सकाळी त्यांचाच मेसेज आला, सोबत फोटो. टाकीच्या भिंतीपाशी पाच-सहा ठिपके पुन्हा उमटले आहेत. माझ्या ब्लेडने उचलायचे राहून गेलेले कण असणार, पण तसं काही मी लिहिलं नाही. ‘शनिवारी येऊन बघतो’ एवढंच लिहिलं.