‘कोनी नाई मॅडम’: टीईटीच्या इंग्रजीचा माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर मी शिकवते. 2003 मध्ये शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा मानधन होतं महिना 3000 रुपये. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं. माझी 14 वर्षं बाकी. पहिले दोन दिवस जेवण गेलं नाही, तिसऱ्या दिवशी मी पुस्तकं काढली. परीक्षा 23 नोव्हेंबरला होती.

पेपर एकला 150 प्रश्न, त्यातले 30 इंग्रजीचे. गणिताची, परिसर अभ्यासाची धास्ती नव्हती. इंग्रजीची होती. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं 2000 साली; माझी एबीसीडी पाचवीतली. जे मला पहिलीत कोणी शिकवलं नाही, ते मी वीस-बावीस वर्षं पहिलीला शिकवत आले.

सरावाच्या पहिल्याच पेपरात गाळलेली जागा होती: ‘देअर इजंट डॅश इन द हाऊस.’ पर्याय समबडी, नोबडी, एनीबडी, एव्हरीबडी. मी मनात म्हटलं, ‘घरात कोणीच नाही’, आणि नोबडीवर खूण केली. उत्तर चुकलं. पुढचे तसलेच तीन चुकले. रात्रभर डोक्यात तेच. कोणीच नाही म्हणजे नोबडी, मग यात चूक कुठे?

गावात ग्रामपंचायतीच्या खोलीत पोरांची अभ्यासिका आहे. तिथे भरतीचा अभ्यास करणारा एक मुलगा 2005 साली माझ्याच हाताखाली पहिलीत होता. त्याच्याकडे गेले. तो उभा राहिला, खुर्ची पुसून दिली. वाक्य वाचून म्हणाला, “मॅडम, नकार एकदाच द्याचा. इजंटमधी ‘नाही’ आलंच हाये, नोबडीत आनखी एक आलं. एक तं देअर इज नोबडी म्हना, नाहीतं देअर इजंट एनीबडी.”

मग थोडं थांबून, खाली बघत म्हणाला, “आन मॅडम, ते देअर म्हंजे तिथे नोय.”

मीच त्याला शिकवलं होतं, देअर म्हणजे तिथे. फळ्यावर लिहून, बोट लांब करून. त्याने एक वाक्य लिहून दाखवलं: ‘देअर इज समबडी देअर.’ शेवटचं देअर म्हणजे तिथे. पहिल्याला अर्थच नाही. ते फक्त कर्त्याची जागा धरून बसतं, कारण इंग्रजीला क्रियापदापुढची ती जागा रिकामी चालत नाही. बोलतानाही पहिलं हलकं जातं, दुसऱ्यावर जोर येतो. आपल्याला अशा शब्दाची गरजच नाही. ‘दारात कोणीतरी आहे’ म्हटलं की झालं.

समजलं, पण अंगात मुरलं नव्हतं. ते मुरलं सोयाबीनच्या सोंगणीत, म्हणजे कापणीच्या दिवसांत. पट नीट करायला घरोघरी फिरत होते. गाव ओस, सगळे वावरात. एका घराची कडी निघालेली होती, म्हणून हाक मारली, “कोनी हाये का घरात?” आतून बारीक आवाज आला, “कोनी नाई मॅडम!” डोकावले तर माझ्याच दुसरीतली पोर, मांडीवर धाकटा भाऊ, पुढे मुरमुऱ्यांची वाटी. “सारे वावरात गेले,” म्हणाली.

मी तिथेच ओट्यावर बसले. मी ‘कोनी’ म्हटलं, तिनेही ‘कोनी’च म्हटलं. शब्द तोच. माझ्या प्रश्नात ‘का’ होतं, तिच्या उत्तरात ‘नाई’. आपला ‘कोणी’ गरीब. त्याच्यात नकार नसतोच, नकार वाक्याच्या शेवटी येऊन बसतो. ‘कोणीच’मध्येसुद्धा नकार आहे असं फक्त वाटतं, तिथला ‘च’ जोर देतो, नाही म्हणण्याचं काम ‘नाही’च करतं. इंग्रजीला मात्र नकार आधी लागतो. नकारी वाक्यात एनीबडी हा शब्द ‘नॉट’च्या मागेच चालतो, पुढे जाऊन बसत नाही. म्हणून ‘एनीबडी इज नॉट इन द हाऊस’ चुकतं. देअरने पुढची जागा अडवली की इजंट आधी येतं, एनीबडी नंतर, आणि वाक्य सरळ होतं. बिनअर्थाचा तो शब्द कशासाठी आहे हे मला त्या ओट्यावर कळलं.

घरी येऊन जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे तक्ता केला. सम, एनी, नो, एव्हरी हे चार. वन, बडी, थिंग हे तीन. एकूण बारा शब्द. त्यांच्यासमोर आपले: कोणीतरी, कोणी, कोणीच नाही, सगळे. एनीबडी साध्या होकारी वाक्यात आला तर ‘कोणीही’, आमच्याकडचा ‘कोनीबी’. बारांतला ‘नो वन’ तेवढा दोन शब्दांत लिहायचा, बाकीचे जोडून. ‘सगळे’ला आपण अनेकवचन लावतो, इंग्रजी मात्र एव्हरीबडीला इज लावतं, हे मी दहा वेळा चुकले. पाहुण्याला ‘काही घेता का जी?’ विचारताना समथिंग वापरायचं, कारण हो म्हणावं अशीच आपली इच्छा असते. हे मला फार आवडलं. आणि एका ठिकाणी तर मराठीच धावून आली. विशेषण या शब्दांच्या नंतर येतं, समथिंग न्यू. आपणही ‘काहीतरी नवीन’च म्हणतो. हा नियम पाठ करावा लागला नाही.

यवतमाळला पेपर दिला. इंग्रजीचे तिसही प्रश्न वेळेत सोडवले आणि कुठेही अंदाजाने खूण केली नाही.

डिसेंबरात पहिली-दुसरीला बाहेर उन्हात बसवलं होतं. देअरला बोट दाखवायचं नाही, हे मी स्वतःला बजावलं होतं. हात पाठीमागे बांधून विचारलं, “इज देअर एनीबडी इन द किचन?” तीच सोंगणीतली पोर उठली, पळत खिचडीच्या खोलीशी गेली, चौकटीला धरून आत वाकली. परत येऊन धापा टाकत म्हणाली, “देअर इज समबडी, मॅडम. मावशी हाये, डाळ निवडू रायली.”